फास्ट चार्जिंगचा हिशोब लागत नाहीये, मदत हवी आहे (पुणे–सावंतवाडी)

नमस्कार मंडळी,

गाडी घेऊन आठ महिने झाले. विजेवरची नेक्सॉन ईव्ही, ४०.५ किलोवॅट-अवरची, म्हणजे बॅटरीत ४०.५ युनिट वीज मावते. आजवर फिरणं गावातल्या गावात आणि चार्जिंग घरीच, त्यामुळे सार्वजनिक चार्जरशी कधी गाठ पडली नव्हती. या गणपतीत पहिल्यांदाच पुणे–कोल्हापूर–आंबोली करत सावंतवाडीला गाडी नेली, आणि परत आल्यापासून डोक्यात नुसते आकडे फिरताहेत.

आधीच सांगतो, "तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच ना" हे मला मान्य आहे. जाऊन-येऊन ७३० किलोमीटर झाले. जुन्या गाडीला एवढ्यात पाच हजारांचं पेट्रोल लागायचं. तेव्हा कृपा करून त्या न संपणाऱ्या वादात धाग्याचा काश्मीर करू नका.

घरून पूर्ण भरून निघालो. कोल्हापूरजवळ १८ टक्के उरली, तिथे ८० पर्यंत भरली. ॲपवर दर २१ रुपये युनिट, मीटर दाखवत होता २८.४ युनिट. म्हणजे ५९६ रुपये चाळीस पैसे. वॉलेटमधून गेले ७०३.७५. नंतर कळलं की वर १८ टक्के जीएसटी. गावी दोन दिवस पडवीतल्या सॉकेटवर गाडी लावून ठेवली, तो खर्च धरतच नाही. येताना कोल्हापुरातच दुसऱ्या कंपनीचा चार्जर मिळाला, दर १८. सकाळी साडेदहा वाजले होते. २१.२ युनिट, ४५० रुपये. मग खंबाटकी दिसायच्या आधीच माझा धीर सुटला आणि साताऱ्यापाशी साडेनऊ युनिट घेतले, तिथे दर २४! तेवढ्याचे २६९ रुपये. एकूण ५९.१ युनिट, १४२३ रुपये. म्हणजे युनिटला चोवीस.

आता शंका. एकाच रस्त्यावर एकच वीज १८, २१ आणि २४ कशी? सगळीकडे तर महावितरणच वीज देतं ना?

दुसरं, बॅटरीच्या १८ ते ८० टक्क्यांत बसतात २५ युनिट. ४०.५ चे ६२ टक्के करून बघा. मग वरच्या साडेतीन युनिटचे पैसे मी कशाचे भरले? मीटर जास्त पळतो का? तिथे मदतीला माणूस नाही, नुसता एक नंबर, आणि तो उचलत कोणी नाही. शिवाय ७० मिनिटं लागली. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलं होतं, मला सुरुवातीलाही २८-२९ च मिळत होते.

तिसरं, घरच्या दराबद्दल. सगळे छातीठोकपणे सांगतात "घरी आठ रुपये युनिट". पार्किंगमध्ये माझ्याच मीटरवरून १५ अँपिअरचा सॉकेट घेतलाय. गाडीमुळे महिन्याला १८० युनिट वाढले आणि बिल २७०० रुपयांनी. हा तर पंधराचा भाव झाला! मी कुठे चुकतोय?

(अवांतर: तीन कंपन्यांच्या वॉलेटांत मिळून सहाशे चाळीस रुपये अडकलेत. किमान रिचार्ज म्हणे. साताऱ्याला पुन्हा कधी जाणार?)

– आंबोलीकर_नवा

प्रतिसाद

डिझेलदास: आठ लाख जास्त मोजून गाडी घ्यायची आणि साडेतीन युनिटसाठी धागा काढायचा. चालू द्या.

आंबोलीकर_नवा: दास, तुमची वाटच बघत होतो. बसा.

पडवीतला_इंजिनिअर: साडेतीन युनिटचं मी सांगतो, पण आधी एक विचारतो. चार्जिंग चालू असताना गाडीत कोणी बसलं होतं का? एसी लावून?

आंबोलीकर_नवा: हो, आई आणि धाकटी. उकाडा फार होता. मी आणि ही वडा खायला गेलो होतो. का?

पडवीतला_इंजिनिअर: मग निम्मं तिथेच सापडलं. गाडी उभी असताना एसी सव्वा-दीड किलोवॅट सहज खातो. सव्वा तास म्हणजे दीड-पावणेदोन युनिट. तेवढी वीज चार्जरमधून आली, पण बॅटरीत गेलीच नाही. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, ती थंड ठेवायला गाडी स्वतःही वीज वापरते, आणि बॅटरीत भरताना थोडी उष्णतेत जातेच. असं मिळून आणखी एक-सव्वा युनिट. उरलेलं टक्क्यांच्या गोलाईत. पडद्यावरचे १८ टक्के म्हणजे साडेसतराही असू शकतात. मीटर चोर आहे असं यावरून तरी म्हणता येत नाही. पुढच्या वेळी एसी बंद ठेवून हाच हिशोब करा. फरक दीड-दोन युनिटच्या आत आला नाही तर तक्रार करा, सेशनचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आणि २८-२९ किलोवॅटचं कोडं सोपं आहे. तुमच्या शेजारच्या गनला (गाडीत खुपसायच्या केबलला) दुसरी गाडी लागलेली असणार. ६० चा दोन गनांचा चार्जर बहुतेक ठिकाणी तीस-तीस वाटून देतो. ८० टक्क्यांनंतर तर गाडी स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे "शंभर करूनच निघू" म्हणणारे लोक रांगेत शिव्या खातात.

आंबोलीकर_नवा: शेजारी खरंच एक गाडी होती. गोव्याच्या पाटीची. आईला आत्ताच सांगितलं की तुझ्या गारव्याचे चाळीस रुपये झाले. ती म्हणते, दे मग मला पंखा.

हायवे_हॉटेल: दरांचं मी सांगू शकतो. आमच्या हॉटेलच्या आवारात एका कंपनीचा चार्जर आहे, पूर्वी माझा स्वतःचाही होता. नाव विचारू नका.

वीज महावितरणचीच, पण तुमच्या २१ रुपयांत विजेचा वाटा निम्म्याच्या आसपास. बाकीचं काय ते ऐका. चार्जरवाल्याला मंजूर भारावर (जोडणीला मंजूर झालेल्या किलोवॅटवर) स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो, गाडी येवो न येवो. ट्रान्सफॉर्मर, केबल, मशीनचं कर्ज, जागेचं भाडं किंवा हॉटेलवाल्याचा हिस्सा, ॲप, सिमकार्ड, पावसात उडालेलं कार्ड. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही एसी (तारांतून येणारी, दिशा बदलत वाहणारी) वीज विकत घेतो आणि तुम्हाला डीसी (एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीला लागते ती) विकतो. मधल्या रूपांतरात जी जाते ती आमच्या खात्यावर.

समजा हा सगळा वरखर्च दिवसाला हजार रुपये आहे. ६० चा चार्जर दिवसातला पाच टक्के वेळ चालला तर ७२ युनिट विकले, म्हणजे तीन गाड्यासुद्धा धड नाहीत. युनिटमागे चौदा रुपये नुसता वरखर्च. तोच पंधरा टक्के चालला तर २१६ युनिट, वरखर्च पाच रुपयांच्या आत. गणपतीत माझ्याकडे रात्री दोनला रांग होती, पितृपक्षात कुत्रं फिरकलं नाही. साताऱ्याचे २४ आणि कोल्हापूरचे १८ यांतला बराचसा फरक असाच गर्दीचा आणि जागेच्या भाड्याचा असतो.

जीएसटीचं तर काय बोलावं. विजेवर जीएसटी नाही. पण २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे. त्यामुळे आम्हाला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे चांगलं झालं. पण सेवा म्हटली की १८ टक्के आले. गाडी घेताना तुम्ही ५ टक्के भरलेत, चार्जिंगला १८.

पडवीतला_इंजिनिअर: +१. आणि सकाळी साडेदहाचा १८ रुपये दर कदाचित योगायोग नसेल. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ हे सौर तास धरलेत. त्या वेळात चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पटीने, बाकीच्या वेळात १.३ पटीने द्यावी असं त्यात म्हटलंय. ती सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची की नाही हे कंपनी ठरवते. काही पोचवतात. ॲपमध्ये एकाच चार्जरचा दुपारचा आणि रात्रीचा दर बघा, फरक दिसला तर निघायची वेळ त्यावरून ठरवा. दर जीएसटीसह आहे की वगळून, तेही तिथेच बघून घ्या. बहुतेक जण बारीक अक्षरात लिहितात.

मीटर_मावशी: घरच्या बिलाचं माझ्याकडे द्या, हे दुखणं मी दोन वर्षं काढलंय.

तुम्ही कुठेच चुकलेला नाहीत, आंबोलीकर. आठ रुपये सांगणारे पूर्ण बिल भागिले पूर्ण युनिट करतात. घरगुती दर टप्प्यांचा असतो: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यावर. घरातले दिवे, फ्रिज, गीझर खालचे टप्पे आधीच खाऊन बसतात, गाडी वरच्या टप्प्यात जाऊन पडते. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. तुमचं घर सव्वादोनशे युनिट घेत असेल तर गाडीच्या १८० पैकी शंभरेक थेट ३०० च्या वर गेले. पंधरा बरोबर आहे.

वर अजून एक गंमत. घरचा मीटर भिंतीतली वीज मोजतो. गाडीतला चार्जर त्यातली दहा-बारा टक्के उष्णतेत घालवतो. म्हणजे बॅटरीत पोचलेलं युनिट तुम्हाला सतराला पडतं. फास्ट चार्जरवर रूपांतर झाल्यानंतरची वीज मोजतात. मग तुमचे घरचे १७ आणि कोल्हापूरच्या १८ दराचे करासह २१.२४, एवढाच फरक! मी हे सोसायटीच्या सभेत फळ्यावर मांडलं तेव्हा खजिनदार दोन मिनिटं गप्प होते. एरवी ते होत नाही.

उपाय: ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, त्यात टप्पे नाहीत. आम्ही सामाईक पार्किंगसाठी त्या वर्गवारीत सोसायटीच्या नावावर कनेक्शन घेतलं आणि प्रत्येक गाडीला उपमीटर लावला. पण स्थिर आकार तिथेही आहे, एकट्या गाडीसाठी परवडेलच असं नाही. आमच्याकडे सहा गाड्या झाल्यावर जमलं. तुमच्याकडे किती आहेत?

आंबोलीकर_नवा: चार. पाचवी दसऱ्याला येतेय म्हणे. सेक्रेटरी मात्र म्हणतात, गाड्यांना आग लागते.

मीटर_मावशी: आमचेही म्हणायचे. त्यांना सांगा, वायरमनकडून नीट अर्थिंग आणि एमसीबीसकट (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण) स्वतंत्र लाइन घेतली तर आत्ताच्या तुमच्या पार्किंगमधल्या एकट्या सॉकेटपेक्षा ते सुरक्षितच होईल. आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर आजच बंद करा. ते मात्र खरंच जळतात.

डिझेलदास: हे टोलचं काय? माफ आहे ना तुम्हाला सगळं?

आंबोलीकर_नवा: सगळं कुठलं. राज्याची माफी अटल सेतू, एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर. कोल्हापूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी, चारही ठिकाणी तुमच्याइतकेच पैसे मोजले.

डिझेलदास: हे ऐकून बरं वाटलं.

आंबोलीकर_नवा: सगळ्यांचे आभार. रविवारी मावशींचा हिशोब छापून कमिटीच्या बैठकीत नेला. स्थिर आकार चार घरांत वाटायचा की वापरलेल्या युनिटवर, यावर दीड तास गेला. जो गाडी कमी चालवतो त्याने समान वाटा का द्यावा, हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुद्दा मला पटतो, पण उत्तर सुचत नाहीये. मावशी, तुमच्याकडे कसं करता?

मीटर_मावशी: स्थिर आकार समान, युनिटचे पैसे उपमीटरप्रमाणे. आमच्याकडच्या काकांनीही भांडण केलं होतं. त्यांना विचारलं, लिफ्टच्या देखभालीचे पैसे तुम्ही किती वेळा वर-खाली करता त्यावरून देता का? ते पहिल्या मजल्यावर राहतात, त्यामुळे हा प्रश्न जरा अंगाशी आला. पण ठराव झाला. मसुदा व्यनि (खासगी निरोप) करते.