मोर्चा 'लावतात' की 'काढतात'?

फोंडेकर
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आम्ही चार-पाच जण दर रविवारी गोव्यातले जुने कोट-किल्ले हिंडतो. पुढच्या खेपेला शाळेची मुलं सोबत येणार आहेत. त्यांच्या हातात द्यायला १६८३ साली पोर्तुगीजांनी मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावर दोन पानं मराठीत लिहितोय. त्यातलं एक वाक्य: "विजरई कोंद द आल्व्होरनं किल्ल्यासमोर मोर्चे लावले आणि तोफांनी तटाला खिंडार पाडलं." (विजरई म्हणजे गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय.) भाचीला वाचायला दिलं. नववीत आहे, मराठी वाचन चांगलं आहे. ती म्हणाली, "मामा, विजरईनं मोर्चा कोणाविरुद्ध काढला?"

आमच्यातल्या एकानं लगेच 'मोर्चे' खोडून 'खंदक' केलं. मला ते पटत नाही. खंदक किल्ल्याचा असतो, आतल्या लोकांच्या संरक्षणासाठी खणलेला. मोर्चा बाहेरून वेढा घालणाऱ्याचा. खंदक लिहिलं तर मुलांच्या डोळ्यांपुढे नेमकं उलटं चित्र उभं राहील. काय लिहू?

पेडण्याची वाचक
खंदकच ठेवा. पहिल्या महायुद्धाबद्दल मराठीत आपण 'खंदकातली लढाई' म्हणतोच की, आणि ते खंदक कुठल्या किल्ल्याचे नव्हते. शब्द सरकतात. नववीच्या मुलीला जे कळलं नाही, ते बाकीच्या चाळीस मुलांनाही कळणार नाही.

सत्तरीचा माजी सैनिक
फोंडेकर बाब, 'मोर्चा' खोडू नका. मी मराठा रेजिमेंटमध्ये होतो. फौजेत आजही जवान ज्यात उभा राहून गोळी चालवतो त्या खड्ड्याला मोर्चाच म्हणतात. 'मोर्चा खोदो', 'अपने मोर्चे में जाओ', हे रोज कानावर पडायचं. मी पहिला मोर्चा खणला तो बेळगावात, रिक्रूट असताना. छातीइतका खोल गेलो तेव्हा उस्ताद आत उतरला, कोपर कडेवर टेकवून नेम धरून बघितला आणि म्हणाला, अजून चार बोटं. समोरच्या बाजूला मातीचा बांध, त्यावर गवताचे गड्डे, म्हणजे लांबून ताजी माती दिसू नये. रात्री पाऊस लागला की मोर्चात गुडघाभर पाणी, आणि डब्यानं उपसत बसायचं. सुट्टीवर घरी आलो आणि आईला म्हटलं, "सगळी रात्र मोर्चात होतो." ती घाबरली. तिला वाटलं पोरगा संपात सामील झाला, आता नोकरी जाणार.

तेव्हा जुना अर्थ मेलेला नाही. तो फक्त मराठीतून उठून फौजेच्या हिंदीत राहायला गेलाय.

म्हापशाचा कोशवेडा
सुभेदार साहेब (हुद्दा चुकला असेल तर माफ करा), फार मोलाचं सांगितलंत. शब्दाचं मूळ फारसी 'मूरचाल'. मूर म्हणजे मुंगी, चाल म्हणजे खड्डा. मुंग्यांचं वारूळ. वेढा घालणारे तेच करतात. रात्रीतून जमिनीत चर खणत पुढे जायचं, माती किल्ल्याच्या बाजूला टाकायची, आणि चर सरळ न्यायचा नाही, नागमोडी न्यायचा. सरळ नेला तर तटावरच्या एका गोळ्यानं सगळी रांग आडवी होते. असं करत करत तोफ इतकी जवळ आणायची की तिचे गोळे एकाच जागी बसत राहतील.

मग शत्रूकडे तोंड केलेली जागा ती मोर्चा. त्यावरून 'मोर्चा वळवणे', म्हणजे तोंड दुसरीकडे करणे. तिथून 'पाहुण्यांनी आपला मोर्चा जेवणाकडे वळवला'. मोर्चा एकदा चालू लागला की तो मंत्रालयावर न्यायला किती वेळ? कोंकणीतही आता 'मोर्चो' म्हटलं की घोषणाच ऐकू येतात.

डिचोलीकर
मुंगीचं फार ओढून आणलेलं वाटतं. आमच्याकडे म्हातारी माणसं 'म्होरं' म्हणतात. म्होरं, मोहरा, मोर्चा. सैन्याचा मोहरा म्हणजे पुढची बाजू. शब्द आपलाच आहे.

म्हापशाचा कोशवेडा
अर्थ जवळ आले म्हणून घराणं एक होत नाही. 'मोहरा'मधून शेवटचा 'चा' कुठून येणार?

डिचोलीकर
येणार कसा नाही, 'पुढचा', 'मागचा', तसा 'मोरचा'.

स्वभाषाप्रेमी
आपला असो वा फारसी, मुद्दा वेगळा आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश मुद्दाम करवून घेतला, दरबारातले फारसी शब्द जाऊन संस्कृत यावेत म्हणून. त्याच महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला जिंकला. त्या किल्ल्यावर मुलांना धडा देताना आपण मूरचाल शिकवायचा? 'चर' हा शेतातला स्वच्छ मराठी शब्द आहे. 'किल्ल्यासमोर चर खणून तोफा रोवल्या.' एकही मूल अडणार नाही.

पेडण्याची वाचक
मग तोफ आणि किल्ला हे दोन्ही कुठे ठेवणार? त्याच वाक्यात आहेत. आरमार तर पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून घेतलं आणि त्याच पोर्तुगीजांवर नेलं! काडतूसही त्यांचंच. घेतलेला शब्द आपण आपल्या हातानं चालवला की तो आपला. पण 'चर' मला आवडला. माझं खंदक मागे घेते.

सत्तरीचा माजी सैनिक
चर म्हणजे नुसतं खणलेलं. मोर्चा म्हणजे खणलेलं, बांध घातलेलं आणि आत माणूस शस्त्र घेऊन बसलेलं. माणूस नसेल तर तो खड्डा.

फोंडेकर
हे शेवटचं वाक्य मी पानात घेणार, परवानगी द्या. सध्या असं करतोय: "मोर्चे लावले, म्हणजे चर खणून, मातीचे बांध घालून तोफा बसवल्या." लांब होतं, पण चालेल का? पुढचा भाग सोपा आहे. आत येसाजी कंक झुंजत होते, संभाजी महाराज स्वतः धावून आले आणि विजरईला वेढा उठवावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, २४ तारखेच्या रात्री, मराठ्यांनी जुवे बेटावरचा पोर्तुगीजांचा कोट घेतला. तिथे मोर्चे लावलेच नाहीत. ओहोटी साधून माणसं पार झाली, झालं. त्याला मी 'गनिमी कावा' लिहिलंय.

म्हापशाचा कोशवेडा
तिथे थांबा बाब. गनीम म्हणजे शत्रू. गनिमी कावा म्हणजे शत्रूचा कावा. हे नाव समोरच्यांनी आपल्याला दिलेलं, आपण ते अभिमानानं मिरवतो. मुलांना हे सांगायला हवं.

स्वभाषाप्रेमी
म्हणूनच ते नकोच. 'वृकयुद्ध' म्हणा.

पेडण्याची वाचक
वृकयुद्ध म्हटलं तर भाची विचारेल, लांडगे कुठून आले? शिवाय रात्री पाण्यातून जाऊन कोट घेणं हा छापा. कावा म्हणजे हूल देऊन, गुंगारा देऊन दमवणं.

म्हापशाचा कोशवेडा
कावा मुळात घोड्याचा. लांब दोरीवर घोड्याला गोल गोल फिरवून शिकवतात, तो कावा. समोरून न भिडता वळसा मारणं तिथून आलं असावं असं मला वाटतं.

डिचोलीकर
याला मात्र माझा पाठिंबा. मळणीला बैल खुंट्याभोवती फिरतात, त्याला आमचे आजोबा काही वेगळं म्हणायचे. शब्द जिभेवर आहे, येत नाही. साखळी-वाळपईकडे कोणाला आठवतो का?

फोंडेकर
आठवला तर जरूर टाका. पण मंडळी, शुक्रवारी पानं छापायला जायची आहेत. ते मोर्चाचं लांब वाक्य चालेल का, तेवढं कोणी तरी सांगा.

सत्तरीचा माजी सैनिक
बैलांचं आमच्याकडे 'मळणी घालणे' एवढंच. आईला विचारून सांगतो.