प्रतिसाद: गिळणं ही अर्धीच गोष्ट

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि विषय संपतो, असं वर कुणीतरी लिहिलंय. गिळतात हे खरंच, पण गंमत पुढे आहे. न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी जंतूभोवती पिशवी करते, तिच्यात विकरं (एन्झाइम) ओतते आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. त्यातून पुढे हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, म्हणजे ब्लीचमधलाच जंतुनाशक घटक! हे काम करणारं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर रंगाने हिरवट असतं. उन्हाळ्यात इथे सोलापुरात घरोघरी गळवं येतात, त्यांच्या पुवाला कधीकधी जी हिरवी झाक दिसते ती त्याचीही असू शकते.

दुसरी तऱ्हा बर्लिनच्या संशोधकांनी २००४ साली दाखवली. पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते. यंत्रमागावर सुताच्या गुंत्यात बोट अडकावं तसे जंतू त्यात अडकतात, आणि धाग्यांना चिकटलेली विकरं व हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) त्यांना मारतात. बहुतेकदा पेशीही मरते. जंतूही बेरकी: स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू डीएनए कापणारं विकर सोडून जाळ्यातून निसटतो.

अतिरेक मात्र महागात पडतो, गंभीर कोविडमध्ये याच जाळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायला हातभार लावला. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ छाप काढ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.