पावसात बाईक आणि कोरडे पाय: जमलंय का कोणाला?

काल लेक कॉलेजातून आला, दारातच बसून बूट उपडा केला. अर्धा पेला पाणी निघालं. वर मलाच म्हणतो, "बाबा, वॉटरप्रूफ होते ना हे?"

मला एकदम १९९६ आठवलं. सिंहगड रोड ते भोसरी एमआयडीसी, काकांची जुनी येझ्दी, पहिल्या पगाराचे चामड्याचे बूट. आई दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवायची. मोजा, त्यावर पिशवी, मग बूट. पण लिटरची पिशवी चवड्यापुरतीच पुरते, टाच उघडी. मग ब्रेडची पिशवी सापडली, ती घोट्याच्या वर येते. वर रबरबँड. कंपनीत चालताना चुर्र चुर्र आवाज, सगळे वळून बघायचे. तरी संध्याकाळी पाय पाण्यातच! कारण रेनकोटची पँट मी व्यवस्थित बुटात खोचायचो. शेवटी आमचा म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, नळीचं तोंड बाटलीत सोडलंत, बाटली भरणारच की." त्या दिवसापासून पँट बुटाच्या बाहेरून.

तुमचे अनुभव लिहा.

रत्नांग्रीकर: गमबूट. विषय संपला.

काळी_पल्सर: @रत्नांग्रीकर, गमबूट घालून गिअर टाकून दाखवा. पुढून एवढा जाड की लिव्हर पायाला कळतच नाही. वरंध घाटात पहिल्यावरून दुसरा टाकायला गेलो, पडला न्यूट्रल. चढ, गाडी मागे यायला लागली, मागे बायको. ती अजून हा विषय काढते, लग्नकार्यात सुद्धा.

रत्नांग्रीकर: शेतातले घातले असणार. बुटके मिळतात, पोटरीच्या निम्म्यापर्यंत, तळ पातळ. आणि "मोजे जाड घालू" म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. वहिनींना नमस्कार.

सई_स्कूटीवाली: आम्ही पाय आत घेऊन बसतो. बिच्चारे बाईकवाले 😄

काळी_पल्सर: शेजारून डंपर खड्ड्यातून गेला की सांगा.

सई_स्कूटीवाली: गेलाय. पायाशी मेथीच्या दोन जुड्या होत्या. घरी येऊन धुवाव्या लागल्या नाहीत असं म्हणणार होते, पण चिखलाचं पाणी होतं.

नट_बोल्ट: सगळे पिशव्यांवर बोलताय, पाणी येतं कुठून ते बघा. वरून पडतं त्यापेक्षा जास्त पुढचं चाक उडवतं, थेट बुटाच्या नाकावर. मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा नटबोल्टने लावा, जमिनीला आणि चाकाला घासणार नाही एवढाच. नडगीच्या खालचा भाग बऱ्यापैकी वाचतो. लेगगार्डला रेक्झिन पण बांधतात लोक, पण त्यात वारा भरतो. हायवेला ट्रक शेजारून गेला की हँडल हलतं, तिथे काढून ठेवा.

धागाकर्ते, चिरंजीवांच्या बुटाचं सांगतो. वॉटरप्रूफ बुटात अस्तराच्या आत एक पडदा असतो. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच वरून आत गेलेलं बाहेरही जाऊ देत नाही. म्हणजे बादली. पँट आत खोचली होती का विचारा.

धागाकर्ता: विचारलं. खोचली होती. रक्त बोलतं.

फ्लोटरप्रेमी: कोरडे ठेवायचेच कशाला? मी फ्लोटर घालतो, बूटमोजे सॅकमध्ये पिशवीत, ऑफिसात नॅपकिनने पाय पुसतो. १२ वर्षं झाली.

मधली_आळी: मीही हेच करायचो. एकदा सिग्नलला पाय टेकवला तो खड्ड्यात, आतल्या दगडावर अंगठा. नख गेलं. आता निदान पुढून बंद असलेलं घालतो.

अनुजा_के: चिखल्यांचं कोणीच कसं बोललं नाही? दरवर्षी जुलैत बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, मग चिरतात, रात्री खाज. आजी हळद-खोबरेल लावायची, बरं वाटायचं पण जायचं नाही. शेवटी स्किनवाल्याकडे गेले, मलम दिलं आणि सांगितलं की बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका. आम्ही दरवेळी चौथ्या दिवशी सोडतो.

दवाखाना_बंद: +१. ओल्या मोज्यात दिवसभर बसू नका, जास्तीचा जोड ऑफिसात ठेवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो. उतरावं लागलंच आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना "पाण्यातून गेलो होतो" हे आठवणीने सांगा. लोक हेच सांगत नाहीत.

कलिनाकर: २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी. पाय कसले कोरडे, गाडीच बुडली. कंबरेएवढ्या पाण्यात घरापर्यंत आलो, बूट डोक्यावर धरून. नवे होते हो. आई दारात रडत होती, बूट बघून हसायला लागली.

अनुजा_के: 🙏 आमचे बाबा त्या रात्री घरी आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी आले.

मधली_आळी: बूट वाळवायला वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. पुरवणी नको, गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही. रात्री फ्रिजच्या मागे ठेवा.

फ्लोटरप्रेमी: घरी पेपर बंद केलाय, मोबाईलवर वाचतो. मोबाईल कोंबू का?

सई_स्कूटीवाली: हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

पावसाळी_बेडूक: अवांतर: कांदाभजी कुरकुरीत राहायला पिठात तांदळाचं पीठ किती घालता?

रत्नांग्रीकर: वाटीला दोन चमचे. पाणी घालू नका, कांद्याला मीठ लावून सुटेल तेवढंच.

पावसाळी_बेडूक: प्र.का.टा.आ., म्हणजे प्रतिक्रिया काढून टाकली आहे (दोनदा पडली)

धागाकर्ता: ताजा कलम: लेक आज सकाळी मुकाट ब्रेडच्या पिशव्या घालून गेला, पँट बुटावरून. ब्रेड ओट्यावर उघडा टाकून. सादळलाय सगळा, आता तव्यावर भाजून खातोय.

काळी_पल्सर: चहा टाका, निघालोच. गमबूट घालून येत नाहीये.