सर्वेवाल्याला गेटवरनंच परत पाठवलं?

बोरस्ते वहिनी (बी विंग): दुपारी एक मुलगा टीव्हीचा सर्वे करायला आला होता म्हणे, वॉचमनने गेटवरनंच वाटेला लावला. कोणाला माहितीये का काही

अहिरे काका (सेक्रेटरी): मीच सांगून ठेवलंय. फ्रिज आहे का, एसी आहे का, मुख्य कमावणारा किती शिकलाय, हे अनोळखी माणसाला कशाला सांगायचं? उद्या घरफोडी झाली की मलाच विचाराल 🙏

निखिल (सी विंग): काका प्रश्न तेच असतात ओ. शिक्षण आणि ११ गोष्टी यावरनं घराचा वर्ग ठरतो, त्यात शेतजमीन पण आहे, म्हणजे तुमची निफाडची द्राक्षबाग पण धरली जाणार. टीआरपीवाली बार्क, म्हणजे कोण काय बघतं ते मोजणारी संस्था, तिची मीटर लावलेली घरं देशात साधारण ५८ हजार, टीव्ही असलेली घरं २३ कोटींच्या आसपास. तेवढी पण पुरतात, नीट निवडली तर. लोचा निवडण्यातच आहे. आपल्यासारख्या गेटवाल्या सोसायटीत घुसता येत नाही, दोघं नोकरीला असले की दाराला कुलूप, मग हो म्हणणारं त्याच वर्गातलं दुसरं घर बघायचं, कोटा कागदावर बरोबर भरतो पण हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे सारखंच बघतात हे ठरवलं कोणी?

जाधव आजोबा: म्हणूनच सगळीकडे सासवासुना

बोरस्ते वहिनी: आजोबा आमच्यावर नको हं 😄 पण कोण बघतंय ते मीटरला कळतं कसं?

निखिल: चॅनल कोणतं ते आवाजातल्या खुणेवरनं कळतं, आपल्याला ती ऐकू येत नाही. कोण बघतंय त्यासाठी प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं. रोज न चुकता बटण दाबायला तयार होणारं घर म्हणजे आधीच जरा वेगळं की नाही

अहिरे काका: आणि ते मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल चालू ठेवायला लावायचं प्रकरण? मुंबईत केस झालेली ना

निखिल: २०२० ला. आरोप तोच होता, पुढे सरकारने केस मागे घेतली. पण न्यूज चॅनलचं रेटिंग मार्च २०२२ पर्यंत बंद होतं. मीटर कोणाकडे आहे ते म्हणूनच गुप्त ठेवावं लागतं, आणि गुप्त म्हटलं की आपण बाहेरनं तपासणार काय, कप्पाळ

अहिरे काका: बरं. आयकार्ड बघून, ऑफिसला फोन लावून खात्री झाली तर सोडायचं का मग?

बोरस्ते वहिनी: सोडा, पण संध्याकाळी सातनंतर, घरात माणसं तरी असतात

जाधव आजोबा: सात ते नऊ माझ्या बातम्या असतात. तेव्हा कोणी बेल वाजवायची नाही.