गादी सरकलीय, ४२ हजारांची खुर्ची घेऊ का? आणि बाबांनी खाली बसणं सोडावं का?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. वय ३६, राहायला सिंहगड रोड, ऑफिस हिंजवडी. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, टू व्हीलरवर जाऊन येऊन अडीच तास कुठे गेले नाहीत, बाकी दोन दिवस घरून काम, ते डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून. मागच्या महिन्यात गॅसचा सिलेंडर सरकवताना कमरेत अशी चमक भरली की तिथंच गुडघ्यांवर बसलो, उठताच येईना. एमआरआय काढला, त्यात एल फोर एल फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीला, डिस्क बल्ज (फुगवटा) आणि "डीजनरेटिव्ह चेंजेस" (झीज) असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, गोळ्या घ्या, फिजिओ सुरू करा. पण तो रिपोर्ट वाचल्यापासून मी वाकायलाच घाबरतोय, मोजे घालताना पण पाय वर घेऊन घालतो. नातेवाईकांचं म्हणणं, एकदा गादी सरकली की कायमचं जपायला लागतं, वजन उचलायचं नाही, व्यायाम तर नाहीच.

बायकोनं एक खुर्ची बघितलीय, ४२ हजार. घ्यावी का? म्हणजे खरंच फरक पडतो का त्याने?

दुसरं बाबांचं. वय ६९, गुडघे कुरकुरतात. आयुष्यभर पाटावर बसून पूजा केली, आता सगळ्यांनी सांगून सांगून खुर्चीवर बसवलंय, आत्या म्हणते जिना पण नको. ते ऐकतात बिचारे पण मला दिसतंय की सहा महिन्यांत त्यांची चाल बदललीय, सोफ्यावरून उठताना पण आधी हात शोधतात. आणि मुलगी १० वर्षांची, शाळा, क्लास, मग मोबाईल, पाठीला पोक काढून. तीन पिढ्या आणि तिघंही बसलेलो. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, माहीतगारांनी नीट सांगा प्लीज.

टेबलखुर्ची:
मी ऑफिसांमध्ये बसण्याच्या जागा तपासून द्यायचं काम करतो, १४ वर्षं झाली, आणि तरीही सांगतो की ४२ हजार आत्ता घालू नका. तुमचा प्रॉब्लेम खुर्ची नाही, लॅपटॉप आहे. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात बरोबर उंचीवर आले की मान खाली जाते आणि स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की खांदे वर चढतात, दोन्ही एकदम जमतच नाही. हजार दीड हजाराचा वेगळा कीबोर्ड माऊस घ्या, लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. मग डायनिंग टेबल. आपल्याकडची डायनिंग टेबलं टायपिंगला उंच पडतात, म्हणून बुडाखाली घडी केलेली सतरंजी घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा, आणि मग पाय लोंबकळतात ना, त्याखाली पूजेचा पाट. मी कितीतरी घरांत हा पाटच लावून दिलाय.

आणि ते "बसलं की मणक्यावर उभ्यापेक्षा जवळजवळ दीडपट दाब येतो" हे सगळीकडे ऐकू येतं ना, ते स्वीडनमधल्या नाखेमसननी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजला त्यावरून आलंय, उभं असताना १०० धरलं तर टेकल्याशिवाय बसल्यावर साधारण १४०. पण १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि मंडळींनी नव्या सेन्सरनं परत मोजलं, एकाच माणसात, दिवसभर, तर आरामात रेलून बसल्यावर दाब उभ्यापेक्षा कमी निघाला. एकाच माणसाची मोजणी आहे त्यामुळे तीही शेवटचा शब्द नाही, पण "९० अंशात ताठ बसा" हे इतकं छातीठोकपणे सांगण्यात काही अर्थ नाही हे मला त्यावरून पटलं. सगळ्यात चांगलं बसणं म्हणजे पुढचं बसणं, बदलत राहा. अर्ध्या तासाने उठा, फोन आला की उभं राहून बोला, पाण्याची बाटली टेबलावर ठेवूच नका, उठून प्या.

फिजिओताई:
दादा, आधी एक महत्त्वाचं. पायात जोर कमी वाटणं, पाऊल घसटणं, दोन्ही पायांत बधिरपणा, बसायच्या जागेला मुंग्या किंवा लघवी संडासवरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. ते नसेल तर पुढचं वाचा.

"गादी सरकली" हा शब्दच मला नको वाटतो. गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही हो, मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, फुगते, वयानुसार तिच्यातलं पाणी कमी होतं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांची स्कॅन एकत्र करून. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज आणि ३० टक्क्यांत बल्ज, आणि ऐंशीच्या लोकांत झीज ९६ टक्के, बल्ज ८४ टक्के. दुखत नसलेल्या लोकांत! म्हणजे तुमच्या रिपोर्टातला तो शब्द बराचसा केसातल्या चांदीसारखा आहे. तुमचं दुखणं खरंच आहे, त्याबद्दल शंका नाही, पण त्या एका ओळीवरून वाकायचं सोडायचं नाही.

पडून राहू पण नका. हेलसिंकीत १८६ महापालिका कर्मचाऱ्यांवर ट्रायल झाली होती, १९९५ ची. कंबर धरलेल्यांचे तीन गट, एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, एकाला पाठीचे व्यायाम, एकाला सांगितलं सोसेल तितकं रोजचं काम चालू ठेवा. हा तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. म्हणजे पहिल्या चार दिवसांत घाईने पाठीचे व्यायाम पण नकोत, साधं हिंडाफिरायचं. तुमचा तर महिना होऊन गेला, आता हळूहळू ताकद वाढवायची वेळ. खुर्चीतून हात न लावता उठबस १० वेळा, भिंतीला टेकून अर्धी बैठक, आडवं झोपून कंबर उचलणं, आणि चालणं. महिनाभराने तोच सिलेंडर जवळ घेऊन, गुडघे वाकवून सरकवायला शिका. तो टाळत राहाल तर पुढच्या वेळी पुन्हा तिथंच अडकाल.

मुलीला पोक काढू नको म्हणून ओरडू नका, त्याने काही होत नाही. तिला उड्या मारू देत. डब्ल्यूएचओचं म्हणणं मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं आणि स्नायूंवर जोर येईल अशी. वयात येण्याच्या सुमारास काही वर्षं हाडं झपाट्यानं भरतात, तिचा काळ आता सुरूच होतोय. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो काहीही. बाबांबद्दल संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

स्वारगेट_डेपो:
माझे वडील पीएमटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. दिवसभर उभे, पुढून मागे, मागून पुढे. त्यांचे जोडीदार ड्रायव्हर काका दिवसभर इंजिनाशेजारी बसलेले. हे सांगतोय कारण या सगळ्या विषयाची सुरुवातच अशी झालीय. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कंडक्टर रोज पाचसहाशे पायऱ्या चढायचे, ड्रायव्हर बसून, आणि हार्ट अटॅक कंडक्टरांना कमी. मग लोकांनी विचारलं की जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? तर मॉरिसनी युनिफॉर्मची मापं काढली! ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर खरंच मोठी निघाली, नोकरीच्या सुरुवातीपासूनच, आणि ते त्यांनी १९५६ मध्ये स्वतःच छापलं. सरकारी कारकून आणि पोस्टमन वगैरेंवर पण काम केलं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. ते स्वतः ९९ वर्षं जगले.

माझा मुद्दा, कुठली नोकरी ते आपल्या हातात नाही पण बाकीचा दिवस आहे. २०१६ च्या लॅन्सेटमध्ये दहा लाखांवर लोकांची आकडेवारी एकत्र केली होती, दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त बसणारे पण रोज ६० ते ७५ मिनिटं झपझप चालण्याइतकी हालचाल करणारे, यांच्यात बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका दिसला नाही. म्हणजे त्या ४२ हजारांपेक्षा बूट घ्या आणि तळजाई टेकडीवर चालायला जा.

सिंहगडरोडकर:
खूप धन्यवाद सगळ्यांना, सकाळी मोजे उभ्याने वाकून घातले, काही झालं नाही. पण रोज ७५ मिनिटं मला शक्य नाही स्वारगेटकर, खरंच सांगतो, घरी यायलाच आठ वाजतात. ताई, बाबांचं लिहा ना.

फिजिओताई:
७५ नाही जमलं तर आठवड्याला १५० मिनिटं तरी, ते पण नाही तर आहे त्यापेक्षा थोडं जास्त. काहीच नाही ते थोडंसं, या पहिल्या टप्प्यातच फायदा भरपूर आहे.

आता बाबा. ब्राझीलमध्ये डॉ. अराऊजो यांच्या टीमने ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, गुडघा, कोपर जे टेकेल त्याचा एक गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. २०१२ मध्ये निकाल आला, ज्यांना ० ते ३ गुण होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ८ ते १० गुणवाल्यांपेक्षा पाचसहा पटींनी जास्त. याचा अर्थ जमिनीवर बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. पायांची ताकद, तोल, लवचिकपणा, वजन, सगळं त्या एका उठण्यात दिसतं. आपल्याकडे ही परीक्षा रोज पूजेला आणि जेवायला होत होती, आपणच ती बंद केली.

आणि वय झालं आता काय, हे तर बोलूच नका. बोस्टनला १९९० मध्ये नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांनी काठी सोडली. नव्वदीत! बाबा तर ६९ चे आहेत. लगेच जमिनीवर नको पण, गुडघा सुजलेला किंवा गरम नाही ना ते बघून घ्या, आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस, मग एक उशी, मग नुसती खुर्ची, मग कमी उंचीचा स्टूल. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, चहा उकळेपर्यंत. तुम्ही शेजारी उभे राहा.

पर्वतीची_आजी:
मी ७१ ची. चार वर्षांपूर्वी घरात पडून मनगट मोडलं, प्लास्टर हाताला होतं पण सगळ्यांनी मिळून मला पूर्ण बसवलं, हातात ताट, हातात पाणी. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तर हात बरा आणि पायच लटपटायला लागले, पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारी मी, विसाव्या पायरीला दम लागला. रडू आलं मला तिथं. मग रोज पाच पायऱ्या वाढवल्या, चार महिने लागले. बाळा, आत्याला सांग माया करायची तर त्यांच्याबरोबर चाल, त्यांना बसवू नकोस.

सिंहगडरोडकर:
अपडेट, पाच आठवड्यांनी. खुर्ची घेतली नाही, कीबोर्ड घेतला आणि पाट पायाखाली आला, त्यामुळे देवघरात नवीन पाट आणावा लागला. कंबर अधूनमधून धरते, टू व्हीलरवरून जास्त, पण भीती गेलीय. लेकीची दोरी आणली, पहिल्या दिवशी ११ उड्या, आता सलग ६० मारते आणि बाबा मोजतात.

बाबा कमी उंचीच्या स्टूलपर्यंत आले होते. काल संकष्टीला म्हणाले, पाट मांड. खुर्ची शेजारी ठेवली धरायला. बसले, आरती झाली, उठताना उजवा हात जमिनीला टेकला आणि मग उजवा गुडघा, पण खुर्चीला हात लावला नाही. आत्या समोरच होती, काही बोलली नाही, नुसती बघत होती.

पर्वतीची_आजी:
दर वेळी उजवीकडूनच उठतात का ते बघ. एखाद दिवशी डाव्या बाजूने उठायला सांग, सुरुवातीला जड जाईल, तू त्या बाजूला उभा राहा.