संघटनेची निवडणूक आली, पण आमच्या मूल्यमापनावर कोणी बोलणार का?

डिचोलीकर:
पुढच्या महिन्यात आमच्या गोव्यातल्या शिक्षक संघटनेची निवडणूक. यंदा बिनविरोध नाही, चक्क दोन पॅनल आहेत. दोघांची पत्रके वाचली. थकबाकी, बदल्या, बढत्या, एप्रिलमधली शाळा, सगळे आहे. शिक्षकाचे मूल्यमापन कोणी आणि कशावरून करायचे, यावर मात्र एका पॅनलचे एकच वाक्य: 'जाचक मूल्यमापनास तीव्र विरोध.' दुसऱ्याचे तेवढेही नाही.

विरोधाला माझी हरकत नाही. पण मूल्यमापन आजही चालू आहेच. वर्षाअखेर गोपनीय अहवाल भरला जातो. हेडमास्तर लिहितो, वरचा साहेब सही करतो आणि बढतीच्या वेळी तो कागद बाहेर येतो. देव दत्त प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवायलाच हवा, वाईटच नव्हे तर 'चांगला'सुद्धा. आपल्यातले किती जण तो मागतात? संघटनेने कधी मागून दिला?

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये बढती आणि पगारवाढ कामगिरीशी जोडायची भाषा आहे. उद्या परिपत्रक निघेल आणि आपण निवेदन घेऊन पर्वरीला शिक्षण खात्याकडे धावू. त्यापेक्षा संघटनेने मूल्यमापनाच्या निकषांचा आपला मसुदा आधी तयार ठेवावा. जे पॅनल हे लेखी देईल त्याला माझे मत.

वाळपईवाला:
मसुदा कोण लिहिणार? पणजी-मडगावच्या शाळांतले लोक. माझी सत्तरी तालुक्यातली एकशिक्षकी शाळा, चार वर्ग एका खोलीत. माध्यान्ह आहाराची नोंद मी ठेवतो, पालकांचे आधारकार्ड मी तपासतो आणि निवडणूक आली की मतदार यादी सांभाळणारा बीएलओही मीच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 वाचून दाखवू नका, त्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट आहे. 'पाठनियोजन: समाधानकारक / असमाधानकारक' अशा रकान्यात माझे काय मोजणार?

आपणच निकष लिहून दिले की खाते म्हणेल, बघा, तुमच्याच संघटनेने मान्य केले. दोरी आपणच वळून द्यायची का? विरोधच बरा.

पालक, म्हापसा:
मी शिक्षक नाही, तरी बोलतो. दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागतो आणि माझ्या मुलाला अकरावीत अपूर्णांकांचा भागाकार येत नाही. आम्ही कोणाला विचारायचे? डॉक्टरची तक्रार करता येते, वकिलाची करता येते. मास्तरचे नाव काढले की संघटना उभी. निकालावरून शिक्षकाला गुण द्या, विषय संपला.

फोंडा गणित:
पालकसाहेब, तुमचेच उदाहरण तुमच्या विरुद्ध जाते. निकाल नव्वदीच्या वर आणि मुलाला भागाकार येत नाही, म्हणजे निकालावरून शिक्षक मोजला तर तुमच्या मुलाचा शिक्षक उत्तम ठरेल!

अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला. मुलांच्या गुणांतल्या वाढीवरून शिक्षकाला अंक द्यायचे. 2014 मध्ये तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढले: बहुतेक अभ्यासांत गुणांमधल्या फरकांपैकी 1 ते 14 टक्केच शिक्षकामुळे दिसतो. बाकी घर, पैसा, शाळेची व्यवस्था. ह्यूस्टनचे शिक्षक कोर्टात गेले. 2017 मध्ये न्यायाधीशांनी म्हटले की अंक कसा काढला हे शिक्षकाला तपासताच येत नसेल, तर त्यावरून नोकरी घालवण्याला शिक्षक आव्हान देऊ शकतात.

आणि आपल्याकडचे 'परख' सर्वेक्षण, डिसेंबर 2024 चे, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. ते नमुना सर्वेक्षण होते, व्यवस्था कुठे आहे ते पाहायला. काही मुख्याध्यापक त्याचे आकडे स्टाफरूममध्ये छडीसारखे फिरवतात.

डिचोलीकर:
फोंडा गणित, नेमके हेच मसुद्यात हवे. निकाल नको, मग काय हवे तेही सांगा. शिकागोत 2010 साली कॅरन लुइस यांचा गट तिथल्या शिक्षक संघटनेवर निवडून आला आणि 2012 मध्ये सात शाळादिवस संप झाला. मूल्यमापन हा त्यातला मोठा मुद्दा. मूल्यमापनात मुलांच्या गुणांचे वजन शून्यावर आले नाही, कायदाच आड होता. पण कायद्यातल्या किमान मर्यादेपर्यंत ते रोखता आले, कारण त्यांच्याकडे बोलायला काहीतरी होते.

वाळपईवाला, तुमची एकशिक्षकी शाळा हाच मसुद्याचा पहिला परिच्छेद असावा. तुम्ही समितीत नसाल तर दोष कोणाचा?

वाळपईवाला:
दोष अंतराचा. बैठका पणजीत, संध्याकाळी पाचला. नंतर वाळपईला परतायला बस कुठली?

निवृत्त हेडमास्तर:
मी बरीच वर्षे हे अहवाल लिहिले आहेत. खरे सांगतो, 'चांगला' लिहिणे सोपे असते. 'सामान्य' लिहिले की तालुका प्रतिनिधी दुसऱ्या दिवशी दारात. त्यात तोच प्रतिनिधी आपल्या शाळेत असला तर बघायलाच नको. तेव्हा संघटनेला आधी हे विचारा: काम न करणाऱ्या सभासदामागे तुम्ही उभे राहणार का? एकाही पॅनलने हे पत्रकात लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. मते जातात.

सरकारी शाळेत निदान शेरा मागायचा रस्ता आहे. आमच्या अनुदानितमध्ये पगार सरकारचा आणि मर्जी मॅनेजमेंटची. देव दत्तचा निकाल हातात घेऊन चेअरमनसमोर कोण उभा राहतो ते पाहायला मला आवडेल.

फोंडा गणित:
सर, मग संघटनेविना तो शिक्षक आणखीच एकटा पडतो ना?

निवृत्त हेडमास्तर:
पडतो. म्हणून संघटना हवी. ढाल सगळ्यांना सारखीच धरू नये, एवढेच म्हणतो.

कंत्राटी बाई:
तुम्ही सगळे कायम आहात म्हणून 'मूल्यमापन यावे का' अशी चर्चा जमते. माझे दर वर्षी होते. जूनमध्ये कंत्राट वाढले तर पास, नाही वाढले तर नापास. निकष कोणी दाखवत नाही. एका वर्षी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत मी उलट बोलले, तर पुढचा आदेश येईपर्यंत जीव टांगणीला होता. आणि आमच्या तालुक्याच्या संघटनेत कंत्राटींना मत नाही. वर्गणी मात्र 'ऐच्छिक'.

मला तर लेखी निकष हवेत. वाईट असले तरी चालतील, लेखी हवेत.

वाळपईवाला:
बाई, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. पण तुमच्या जागी मी असतो तर आधी कायम नोकरी मागितली असती, निकष नंतर.

कंत्राटी बाई:
मागून झाली, सर. आंदोलनेही झाली.

पालक, म्हापसा:
आणि टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, काय? सप्टेंबर 2025 चा निकाल आहे ना?

डिचोलीकर:
आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला सांगितले की पहिली ते आठवीच्या शिक्षकांपैकी ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचे. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे पाठवला. गोव्यात चर्चच्या शाळा किती आहेत ते पाहा, म्हणजे एकाच गावातल्या दोन शिक्षकांना दोन न्याय कसे लागू शकतात ते कळेल. हेही पत्रकात नाही.

दोन्ही पॅनलना मी तीन प्रश्न लेखी पाठवतो: मसुदा करणार का, त्यात एकशिक्षकी शाळेचा माणूस असणार का, कंत्राटींना मत देणार का. हेडमास्तर सर, चौथा प्रश्न तुम्ही तुमच्या शब्दांत लिहून द्या.

निवृत्त हेडमास्तर:
देतो. उत्तर येणार नाही, पण देतो.

वाळपईवाला:
पाचवा माझा: बैठक रविवारी सकाळी, साखळी शहरात.