पावसात ब्रेक : वायरपेक्षा रिम आणि रबर बघा

पावसात सायकलचे ब्रेक लागत नसतील तर ब्रेकची वायर बदला, असं कुणी कुणी सुचवतं. वायर गंजून आउटरमध्ये (वायरवरच्या नळीत) अडकत असेल तर बदलायलाच हवी, पण खरी गोम बहुतेकदा रिममध्ये, म्हणजे ब्रेकचं रबर ज्यावर दाबलं जातं त्या चाकाच्या धातूच्या कड्यात असते. साध्या सायकलींची रिम क्रोम केलेली स्टीलची. ती ओली झाली की रबर पाण्याच्या थरावरून नुसतं सरकतं, मग वायर कितीही ताणा. ॲल्युमिनियमच्या रिमवर तेच रबर पुष्कळ बरं धरतं. स्टील असेल तर चौकाच्या बऱ्याच आधीपासून दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवा, रिम पुसली जाऊ दे, मग जोर लावा. एकदम आवळलं तर आधी काहीच होत नाही आणि पाणी निघालं की चाक झटक्यात धरतं. पुढचं चाक असं धरलं तर माणूस थेट हँडलवरून जाऊ शकतो.

आणखी एक, कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराचं पाणी उतरल्यावर शिवाजी पुलाकडच्या रस्त्यावर जो गाळ राहतो, त्याकडेही लक्ष द्या. त्यातली बारीक रेती रबरात रुतून बसते, करकर आवाज येतो आणि रिम खरवडते. रबर काढून सुईने खडे टोकरा, रबराची चकाकी जाईपर्यंत त्यावर सँडपेपर मारा. परत बसवताना रबराची पुढची कड रिमला मागच्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर जवळ ठेवा, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. आणि रबर वर सरकून टायरला घासत नाही ना, हे चाक फिरवून नक्की बघा. टायरची बाजू कापली गेली की ट्यूब तिथूनच बाहेर येऊन फुटते.